जीपमधला पेट्रोलचा वास

पोलीस खात्यातल्या इतक्या वर्षांतली बरीचशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, कोणता आरोपी कुठल्या कोर्टातून सुटला, हे आठवायला बसलो की गोंधळ होतो. घाटात जळलेल्या एका जीपचं प्रकरण मात्र तसं मिसळत नाही. त्यातली माणसं आज हयात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. म्हणून नावं घेत नाही.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि पेट्रोल एकाएकी महाग झालं होतं. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. ठाणं म्हणजे दगडी भिंतींच्या तीन खोल्या, एक कोठडी आणि पुढे पटांगण. हद्द लांबच लांब, माणसं कमी. आमची सरकारी जीप निम्मे दिवस बंदच असायची. बांधावरची भांडणं, मेंढ्यांची चोरी, जत्रेतला बंदोबस्त, यातच वर्ष सरायचं. मी तेव्हा चाळिशीतही नव्हतो, पण थकलो होतो. बदलीचा अर्ज देऊन झाला होता आणि त्याचं उत्तर येत नव्हतं.

एका सकाळी पोलीस पाटलाचा माणूस सायकलवरून आला. फलटणहून म्हसवडकडे येणारी एक जीप घाटात पेटली होती. आत बसलेली बाई भाजली होती. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने तिला आणि तिच्या नवऱ्याला गाडीत घालून साताऱ्याच्या सरकारी दवाखान्याकडे नेलं होतं. मी ठाण्यातल्या जमादारांना घेतलं आणि एस.टी.ने घाटात गेलो.

जीप म्हणजे नुसता सांगाडा उरला होता. लष्करातून लिलावात निघालेली जुनी पेट्रोलची जीप. टपाचं कापड, सीटा, टायर सगळं गेलं होतं. पंचनाम्यात मी तीन गोष्टी आवर्जून लिहिल्या. सगळ्यात जास्त जाळ ड्रायव्हरच्या सीटखाली झाला होता. या गाड्यांची टाकी तिथेच असते. रस्त्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, पाण्याचा पत्र्याचा डबा आडवा पडला होता. आणि जीपच्या खाली, टाकीच्या जवळ, एक पक्कड पडली होती. पकडीचं मला तेव्हा विशेष काही वाटलं नाही. जुन्या गाडीत पक्कड असायचीच.

गाडीचा मालक सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याला इथे फौजी म्हणतो. गाव म्हसवडजवळचं. घरची जमीन कोरडवाहू, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. निवृत्तीनंतर त्याने ही जीप घेतली होती आणि बाजाराच्या दिवशी म्हसवड ते फलटण माणसांची ने-आण करायचा. बायको फलटणच्या बाजूची, उसाच्या बागायतीतली. मूलबाळ नव्हतं. आदल्या दिवशी दोघं तिच्या माहेरी मुक्कामाला गेली होती आणि सकाळी परत निघाली होती.

मी साताऱ्याला पोहोचलो तेव्हा फौजीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या होत्या. व्हरांड्यात तो भिंतीला पाठ लावून ताठ बसला होता. बाई आतल्या खोलीत होती आणि शुद्धीवर होती. मॅजिस्ट्रेट येऊन तिचा मृत्युपूर्व जबाब घेऊन गेले होते. जबाब चारच ओळींचा होता. इंजिन तापलं म्हणून मालक ओढ्यावर पाणी आणायला गेले होते, गाडी आपोआप पेटली, मालकांनी मला ओढून काढलं, यात कुणाचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

‘कुणाचा दोष नाही’ हे वाक्य पोलीस अधिकाऱ्याला पाठ असतं. भाजलेल्या बाईच्या जबाबात ते जवळजवळ नेहमी असतं. स्टो भडकला, पदर चुलीत गेला, चिमणी कलंडली, कुणाचा दोष नाही. मरणाच्या दारात पडलेली बाई नवऱ्याला वाचवत असते, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षात शिकलो होतो. हा जबाब वाचला तेव्हाही माझ्या मनात तेच आलं. बाई कुणाला तरी झाकते आहे.

अंत्यविधी उरकून तिचा बाप ठाण्यावर आला. साठीचा, पांढरा फेटा, अंगाने मजबूत माणूस. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

‘‘सायेब, माझ्या लेकीला त्यानं जाळली. लिवून घ्या.’’

‘‘बाबा, तिनं स्वतः जबाब दिलाय. कुणाचा दोष नाही म्हणालीय.’’

‘‘ती न्हाईच सांगनार. कुनाची लेक नवऱ्याचं नाव घेती? तिच्या लुगड्याला प्याट्रोलचा वास येत व्हता. म्या सोता हुंगलाय. नुसत्या पेटल्याल्या गाडीत बसलेल्या बाईचं लुगडं भिजंल का वो?’’

त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनीही तेच लिहिलं होतं. अंगावरच्या कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांना पेट्रोलचा उग्र वास. बाप पुढे सांगत होता. मूल नाही म्हणून सासू दुसऱ्या लग्नाचं काढत होती. निघताना सकाळी जावई मुद्दाम सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, आज गाडीत लई वास येतोय, आणि बॉनेट उघडून उगाच बघितल्यासारखं केलं होतं. ‘‘आदुगरच तयारी केल्ती त्यानं. उद्या म्हनाया बरं, गाडी गळत व्हती.’’

त्याच आठवड्यात म्हसवडहून एक खबर आली. तिथल्या चहाच्या दुकानातल्या एका माणसाने जमादारांना बाजूला घेऊन सांगितलं, की फौजीच्या आईने सिद्धनाथाच्या देवळापाशी एका मुलीच्या बापाशी बोलणी केली होती. जमादारांनी शहानिशा केली. खबर खरी होती.

घटनास्थळी तो एकटा, लुगड्याला पेट्रोल, घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी. डेप्युटी साहेबांनी फोनवर विचारलं, ‘‘मग थांबलाय कशासाठी?’’ मी खुनाचा गुन्हा नोंदवला आणि दवाखान्यातून सोडल्यावर फौजीला अटक केली.

चौकशीत माणसं दोन प्रकारची असतात. एक सारखं बोलणारी आणि दुसरी गप्प बसणारी. बोलणारा सोपा. तो कुठे ना कुठे अडखळतो. फौजी बोलायचा, पण विचारलं तेवढंच.

‘‘पेट्रोल कुणी ओतलं?’’

‘‘कुनी न्हाई.’’

‘‘मग लुगडं कसं भिजलं?’’

‘‘ठावं न्हाई. म्या वढ्यावर व्हतो.’’

‘‘आईनं दुसरी मुलगी बघितली होती ना?’’

‘‘आईनं बघितली. म्या न्हाई म्हनलो. त्या मानसालाच इचारा.’’

आम्ही त्या मुलीच्या बापाला विचारलं. फौजी स्वतः त्याच्या घरी जाऊन हात जोडून आला होता, पुन्हा हा विषय काढू नका म्हणून. हे आमच्या खबऱ्याने सांगितलं नव्हतं. खबरेत अर्धीच गोष्ट असते. उरलेली अर्धी शोधायला पायपीट करावी लागते आणि तिचं श्रेय कुणाला मिळत नाही.

फौजी कोठडीत सकाळी अंथरूण घडी घालून ठेवायचा. हात भाजलेले, तरी कोपरांनी दाबून कडा सरळ करायचा. जमादारांना त्याची दया येत होती. मला त्याचा राग येत होता. निर्दोष माणूस निदान ओरडतो तरी, असं मला वाटायचं.

मी ठरवलं, की त्या वासाचा माग काढायचा. बापाच्या म्हणण्याप्रमाणे वास हा बनाव होता. त्या सकाळीच वासाची गोष्ट निघाली असेल तर बापाचं खरं. आधीपासून येत असेल तर गोष्ट वेगळी.

जीपमधून नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही गाठायला सुरुवात केली. एक शिक्षक भेटले. ते म्हणाले, ‘‘वास? दोन-अडीच महिने येत होता की. आम्ही म्हणायचो, फौजी, गाडी आहे की पेट्रोल पंप?’’ एका म्हातारीला त्या वासाने वांत्या व्हायच्या, म्हणून ती मागच्या फळीवर तोंड बाहेर काढून बसायची. ‘‘मळमळायचं बाबा, पर चालत जान्यापरीस बरं,’’ असं म्हणाली. एकजण त्या गाडीत बसून दर खेपेला बिडी ओढायचा. मी विचारलं, ‘‘भीती नाही वाटली?’’ तो म्हणाला, ‘‘पयल्यांदा वाटली. मंग काय न्हाई झालं, तवा न्हाई वाटली.’’

म्हणजे वास होता आणि सगळ्यांना येत होता. गाडीही चालत होती. त्यामुळे कुणी त्याचं फार मनावर घेतलं नव्हतं.

फौजीने मात्र मनावर घेतलं होतं, हे फलटणला कळलं. तिथल्या एका गॅरेजवाल्याकडे त्याने तीनदा गाडी नेली होती. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर खोलला, पेट्रोलचा पंप बदलला, पुढची नळी बदलली. वास दोन दिवस कमी वाटायचा आणि पुन्हा यायचा. ‘‘फौजी वैतागला होता साहेब. त्याची बायको म्हणाली, राहू द्या आता, जुनी गाडी आहे, वास यायचाच. तेव्हा त्याने नाद सोडला.’’

बायको असं का म्हणाली असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडण्यासारखाही नव्हता.

मी साताऱ्याच्या आर.टी.ओ. कार्यालयाला पत्र लिहून तज्ज्ञ मागवला होता. ते इन्स्पेक्टर आले. सांगाडा उचलून आडवा करायला लावला. टाकी फाटली होती, पण तळ शाबूत होता. त्यांनी मला बोट दाखवून बोलावलं. टाकीच्या तळाला गाळ काढायचं भोक असतं. त्याला एक साधा स्क्रू-बूच असतो. इथे त्या बुचाच्या जागी काळा पडलेला एक छोटा पितळी कॉक होता. तोटी फिरवली की टाकीतलं पेट्रोल खाली भांड्यात घेता येईल असा.

‘‘हा या गाडीचा नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कुणीतरी लेथवर आटे पाडून बसवलाय. हा शेतावरच्या डिझेल इंजिनाचा कॉक. आत कॉर्कचं पॅकिंग असतं. आधीच झिजलेला असेल तर पेट्रोल पाझरणारच. तुमचा वास इथून येत होता.’’

‘‘आणि आग?’’

‘‘सायलेन्सर तापलेला, डायनामोची ठिणगी, काहीही असेल. नक्की सांगता येणार नाही. पण कॉक अर्धा उघडा आहे, एवढं लिहून घ्या.’’

मी पुन्हा फलटणच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. टाकीखाली कॉक होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं का? तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘दिसला होता साहेब. मला वाटलं, मालकानंच बसवलाय. गाळ काढायला. मालकाच्या वस्तूबद्दल आपण कशाला बोलायचं?’’

कॉक कागदात गुंडाळून मी ठाण्यावर आणला आणि फौजीला कोठडीतून बाहेर बोलावून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याची नजर हलली. त्याने कॉककडे बघितलं, मग दाराकडे बघितलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘कॉक.’’

‘‘कुणी बसवला?’’

‘‘म्याच बसवला.’’

‘‘कुठून आणलास?’’

‘‘बाजारातनं.’’

‘‘आटे कुठं पाडलेस?’’

त्याने नजर पुन्हा दाराकडे नेली.

‘‘स्वतः कॉक बसवलास, आणि मग वास कुठून येतो ते शोधायला तीनदा गॅरेजात गेलास?’’

त्याने टेबलाच्या कडेवर आपले पट्टी बांधलेले हात ठेवले आणि खाली बघत राहिला. त्या क्षणी मला कळलं, की बायकोप्रमाणेच हा माणूसही कुणाला तरी झाकतो आहे. मेलेल्या बाईच्या जबाबातला आणि जिवंत माणसाच्या गप्प बसण्यातला तो तिसरा माणूस एकच असावा. पण फाशीचं कलम डोक्यावर असताना कुणी कुणासाठी खोटं बोलतं? भाऊ? आई? मी त्याच्या गावी जाऊन आलो. तिथे ना विहिरीवर इंजिन, ना कुणाला लेथ माहीत. चौकशी तिथेच थांबली.

पुढचं काम नेहमीचंच होतं. फिर्यादीचा, म्हणजे बापाचा, पुरवणी जबाब त्याच्या गावी जाऊन घ्यायचा. फलटण ठाण्याचा एक शिपाई बरोबर घेऊन मी आणि जमादार त्याच्या मळ्यात गेलो. उसाला पाणी चाललं होतं. वीज गेली होती, म्हणून विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन चालू केलं होतं. त्याच्या आवाजात जबाब घेणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, ‘‘बाबा, जरा बंद करा.’’

तो इंजिनापाशी गेला. मी शेतकऱ्याच्याच घरचा. टाकीचा कॉक फिरवून हे इंजिन बंद करतात, ते मला माहीत होतं. त्याने टाकीकडून येणारी रबरी नळी दुमडली आणि तिला तारेने आवळलं. टाकीला कॉक नव्हता. नळी थेट टाकीच्या तोंडावर ओढून चिंधीने बांधलेली होती. थोड्या वेळाने डिझेल संपून इंजिन धडधडत थांबलं.

‘‘याचा कॉक कुठाय?’’ मी सहज विचारावं तसं विचारलं.

‘‘गळत व्हता. पोरानं काढून न्हेला. कुपवाडला कारखान्यात हाय न्हवं त्यो, लेथीवर. नवा करून आनतो म्हनला, अजून आनतोय.’’

मी जमादारांकडे बघितलं. जमादारांनी माझ्याकडे बघितलं नाही.

कायद्याप्रमाणे वस्तूची ओळख पटवायची असते. पंच बोलावले. मुद्देमालाची पुडी उघडून मी कॉक हातावर घेतला आणि म्हाताऱ्याला विचारलं, ‘‘हा ओळखता का?’’

त्याने तो घेतला, उलटा केला, अंगठ्याने काजळी पुसली. ‘‘आवं, ह्यो तर आमचाच. ही दांडी मोडल्याली, म्या सोता खिळा वाकवून बशीवलाय हितं. बगा की.’’ आपली हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस जसा बोलतो, तसं तो बोलत होता. मग विचारलं, ‘‘कुठं घावला तुमास्नी?’’

नोकरीत मी अनेकांना वाईट बातम्या दिल्या आहेत. त्या देण्याची एक पद्धत असते. थोडक्यात सांगायचं, डोळ्यांत बघून सांगायचं, आणि मग गप्प बसायचं. मी तसंच केलं.

म्हाताऱ्याला लगेच उमजलं नाही. तो म्हणाला, ‘‘जावयाच्या गाडीला आमचा कॉक कसा जाईल?’’ एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा वाक्य अर्ध्यात थांबलं. मग तो पाटाच्या कडेला खाली बसला. वाहतं पाणी बंद झालं होतं. त्याने विचारलं, ‘‘सायेब, ही फिर्याद मागं घेता येती का?’’

‘‘नाही, बाबा,’’ मी म्हणालो. ‘‘आता ती तुमची राहिली नाही. ती सरकारची झाली.’’

कुपवाडला आम्ही सांगलीच्या पोलिसांना बरोबर घेऊन गेलो. पत्र्याच्या शेडमधला छोटा कारखाना होता. बाहेर मोटारसायकली आणि सायकली लावलेल्या. मुलगा चोविशी-पंचविशीचा असेल. आम्हाला दारात बघितल्यावर त्याने आधी लेथ बंद केली, कापसाच्या बोळ्याने हात पुसले, आणि म्हणाला, ‘‘मी येनारच व्हतो.’’ सगळेच असं म्हणतात. हा बहुतेक खरंच आला असता, पण केव्हा ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याला बोलतं करायला काहीच करावं लागलं नाही. सांगली ठाण्याच्या बाकावर बसला आणि बोलतच सुटला. त्याने कर्ज काढून जुनी मोटारसायकल घेतली होती. आठवड्याला कुपवाडहून गावी यायचा. पेट्रोल परवडेना. दाजींची जीप महिन्यातून दोनतीनदा मळ्यात मुक्कामाला असायची. नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढलं की तोंड पोळायचं, म्हणून त्याने हा कॉक बसवला. बाटलीभर घ्यायचा, जास्त नाही. दाजींना कळणार नाही एवढंच.

‘‘गळतोय हे माहीत होतं?’’

‘‘व्हय. ताईनं बघितलं व्हतं मला. लय बोलली. म्हनली, दाजींना कळलं तर दोनी घरं तुटतील. म्या म्हनलो, पुढच्या खेपेला काढतो, बूच बशीवतो.’’

‘‘का नाही काढलास?’’

तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, ‘‘न्हाई काढला. गाडी चालतच व्हती न्हवं, सायेब.’’

त्या शेवटच्या मुक्कामातही त्याने बाटली भरून घेतली होती. तोटी नीट बंद केली की नाही, ते त्याला सांगता येईना. दिवस उजाडायच्या आत तो कुपवाडला निघून गेला होता.

त्याचा जबाब घेऊन मी ठाण्यावर परत आलो आणि फौजीला समोर बसवून वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘सायेब, एक करा. म्या सांगितलं न्हाई, येवढं कागदावर लिवा.’’

मी म्हणालो, ‘‘लिहितो. पण आता तरी काय झालं ते सांग.’’

तेव्हा त्याने सांगितलं. घाटात इंजिन तापलं. तो डबा घेऊन ओढ्यावर गेला. इंजिन एकदा बंद पडलं की चालू व्हायला त्रास द्यायचं, म्हणून चालूच ठेवलं होतं. तो गेल्यावर बायको खाली उतरली. त्या दिवशी वास फारच उग्र होता. नवरा परत येऊन खाली वाकून बघेल आणि कॉक सापडेल, भावाचं नाव निघेल, याची तिला धास्ती. तिने हत्यारांच्या पेटीतली पक्कड घेतली आणि गाडीखाली हात घालून तोटी आवळायला गेली. तोटी उलटी फिरली असावी. पेट्रोल तिच्या हातावर, लुगड्यावर आलं. मग जाळ. तो ओढ्यावरून धावत आला, डबा वाटेत पडला, आणि त्याने तिला पेटत्या गाडीखालून ओढून काढलं. हे सगळं तिने त्याला ट्रकमध्ये, साताऱ्याला जाताना सांगितलं होतं.

‘‘सारखं एकच म्हनत व्हती. त्येचं नाव घिऊ नका, त्येचं लगीन व्हायचंय.’’

‘‘आणि तू कबूल केलंस?’’

‘‘ती तशी पडल्याली, सायेब. मी न्हाई कसं म्हनू?’’

‘‘तुला फाशी झाली असती तर?’’

त्याने खांदे उडवले. ‘‘मंग झाली असती,’’ एवढंच म्हणाला. त्यात मोठेपणाचा आव नव्हता. बायको गेल्यापासून पुढे काय होणार याचा विचारच त्याने केला नव्हता, असं मला वाटतं. जबाबाखाली त्याला सही करता येईना, बोटं वळत नव्हती. शाईची गादी पुढे ओढून आम्ही डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. तोही नीट उठला नाही.

खुनाचा आरोप मागे घेण्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला आणि फौजी सुटला. मेव्हण्यावर चोरीचा आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. जामिनाच्या दिवशी मी कोर्टात होतो. म्हातारा आला नाही. त्याने मुलासाठी जामीन राहायला नकार दिला होता, गावातलंही कुणी पुढे आलं नाही. मॅजिस्ट्रेटनी दोनदा विचारलं. मागच्या बाकावरून फौजी उठला आणि जामीन राहिला. मेव्हण्याकडे त्याने बघितलं नाही. बाहेर आल्यावर मेव्हणा पाया पडायला वाकला, तर हा बाजूला सरकला आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागला. त्याला मुलाला माफ करायचं नव्हतं. बायकोला दिलेला शब्द अजून संपला नव्हता, एवढंच.

मुलाला थोडी शिक्षा झाली. त्याचं लग्न त्या वर्षी झालं नाही, पुढे झालं की नाही ते मला कळलं नाही, कारण तोवर माझी बदलीची ऑर्डर आली होती. जायच्या आधी म्हातारा एकदा ठाण्यावर येऊन गेला. व्हरांड्यात बसला, जमादारांनी दिलेला चहा प्याला. जावयाकडे जाऊन आलात का, असं जमादारांनी विचारलं. ‘‘दारात जाऊन आलो,’’ तो म्हणाला. ‘‘आत बलिवलं त्यानं. माझाच पाय उचलला न्हाई.’’

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारतं तेव्हा मोठं काही सांगता येत नाही. त्या गाडीतला वास शंभर माणसांना येत होता. कॉक गॅरेजवाल्याने बघितला होता, बहिणीने बघितला होता. प्रत्येकाकडे न बोलण्याचं एक कारण होतं आणि त्यातलं एकही कारण वाईट नव्हतं. कायद्याच्या पुस्तकात अशा गुन्ह्याला कलम नाही.

दुसरी गोष्ट धंद्यातली. त्या बाईचा जबाब वाचून ती कुणाला तरी वाचवते आहे, हे मी ओळखलं होतं. पोलिसाचं डोकं तिथे थांबतं, कारण पुढचं नाव त्याला पाठ असतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असे बरेच जबाब माझ्यासमोर आले. स्टो, पदर, चिमणी, कुणाचा दोष नाही. दर वेळी मी सासरची चौकशी करून थांबलो नाही. माहेरी गेलो, शेजारी गेलो, वेळ घालवला, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. आणि खरं सांगायचं तर, जवळजवळ दर वेळी शेवटी नवराच निघाला.